मुखवट्यामागे कोण आहे? 'स्लीप टोकन'चा चौथा अल्बम आला आणि चाहत्यांना हा प्रश्न नकोसा झाला

शुक्रवारी, ९ मे २०२५ ला, 'ईवन इन आर्केडिया' नावाचा अल्बम आला. 'स्लीप टोकन' या लंडनच्या बँडचा हा चौथा अल्बम. बँडचं नाव ऐकलं नसेल, तरी त्यांची एखादी रील तुमच्यासमोर येऊन गेली असण्याची बरीच शक्यता आहे. तोंडावर मुखवटा, डोक्यावर हूड, अंगाला फासलेला काळा रंग आणि त्या सगळ्या अवतारात अगदी हळव्या आवाजात गाणारा एक माणूस. आपण म्हणतो, अरे हा तर प्रेमभंगाचं गाणं म्हणतोय, आणि तेवढ्यात गिटारची भिंत अंगावर कोसळते.

फेब्रुवारी २०२५ पासून या बँडचे चाहते झोपले नव्हते. वेबसाइटवरची चिन्हं जुळवणं, पोस्टरमधले प्राणी-पक्षी मोजणं, गाण्याचे सात-आठ सेकंद पुन्हा पुन्हा ऐकून पुढच्या गाण्याचा अंदाज बांधणं, असा उद्योग जगभर चालू होता. अल्बममध्ये दहा गाणी आहेत. त्यातली तीन आधीच बाहेर आली होती. दोन गाण्यांवर चाहते खूश होते. तिसऱ्यावरही खूश होते, पण जरा चोरटेपणानं. कारण ते गाणं त्यांच्याबद्दलच आहे आणि कौतुकाचं नाही.

हे प्रकरण नेमकं काय आहे, ते समजून घेऊया.

आधी ओळख करून घेऊ

स्लीप टोकन २०१६ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. सदस्यांची नावं जाहीर नाहीत. गायकाला 'व्हेसल' म्हणतात, बाकीच्यांना फक्त रोमन आकडे: टू, थ्री आणि फोर. टू ड्रम वाजवतो, थ्री बास, फोर गिटार. स्टेजवर ते प्रेक्षकांशी बोलत नाहीत. 'हॅलो लंडन, कसे आहात' वगैरे काही नाही. गाणी होतात, दिवे जातात, संपलं.

यामागे त्यांनी एक कथा रचली आहे. 'स्लीप' नावाची एक पुरातन शक्ती गायकाच्या स्वप्नात आली, तिनं त्याला वैभवाचं वचन दिलं आणि तो तिचा सेवक झाला. व्हेसल म्हणजे पात्र. मराठीत हा शब्द फारच चपखल बसतो, कारण आपल्याकडे पात्र म्हणजे भांडंही आणि नाटकातलं पात्रही. त्यांच्या कॉन्सर्टला चाहते 'रिच्युअल' म्हणतात, म्हणजे विधी. कमेंटमध्ये एकमेकांना 'वर्शिप' म्हणून साद घालतात. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर ते साहजिक आहे. चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनाही येतं. पण नाटक बघताना आपण पडद्यामागच्या दोऱ्या मोजत बसत नाही, तसंच आहे हे.

संगीताचं म्हणाल तर ते एका डब्यात बसत नाही. मेटलच्या जड गिटारी आहेत, पियानो आहे, आर अँड बीसारखं गाणं आहे, मध्येच ट्रॅपचे बीट येतात. मेटलचे कट्टर चाहते यावरून भांडतायत की हे मेटल आहे की मेटलचा वेश घातलेलं पॉप. खरं सांगायचं तर या भांडणानंही बँडचं भलंच केलं. भांडायला का होईना, लोकांनी गाणी ऐकली.

अचानक एवढे मोठे कसे झाले?

पहिला अल्बम 'सनडाउनिंग' २०१९ चा. दुसरा 'धिस प्लेस विल बिकम युअर टूम्ब' २०२१ चा. दोन्ही अल्बमना निष्ठावान श्रोते मिळाले, पण त्यांची ओळख छोट्या आणि मध्यम हॉलमधला बँड अशीच होती.

मग जानेवारी २०२३ उजाडला. ५ आणि ६ जानेवारीला, लागोपाठ दोन दिवस, दोन गाणी आली: 'चोकहोल्ड' आणि 'द समनिंग'. दुसरं गाणं साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे. पाचेक मिनिटं ते कधी गरजतं, कधी तरंगतं, आणि शेवटी एकदम फंकच्या ठेक्यावर येतं. जणू बाराव्याला जमलेल्या मंडळींनी अचानक फेर धरला. हा शेवटचा तुकडा टिकटॉकवर आणि रील्सवर पसरला. काही आठवड्यांत स्पॉटिफायवरचे त्यांचे मासिक श्रोते कित्येक पटींनी वाढले. मीही त्याच जानेवारीच्या लाटेतून आत आले, हे इथेच कबूल करते. २०१९ पासूनच्या चाहत्यांच्या नजरेत आम्ही 'रीलवाले'.

मे २०२३ मध्ये तिसरा अल्बम 'टेक मी बॅक टू ईडन' आला. तो ब्रिटनच्या चार्टवर तिसरा आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० वर सोळावा होता. डिसेंबर २०२३ मधल्या वेम्बली अरिनाच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं अवघ्या काही मिनिटांत संपली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँडनं 'आरसीए रेकॉर्ड्स'शी करार केला. आरसीए ही सोनी म्युझिकच्या छत्राखालची कंपनी, एकेकाळी एल्विस प्रेस्लीचं घर. आणि जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टनमधल्या 'डाउनलोड' या रॉक महोत्सवात ग्रीन डे आणि कॉर्न यांच्या बरोबरीनं तिघांपैकी एक मुख्य बँड म्हणून स्लीप टोकन उभा राहिला. ग्रीन डे आणि कॉर्न हे बँड नव्वदच्या दशकात मोठे झाले. त्यांच्या पंक्तीत २०१६ चा बँड बसणं ही साधी गोष्ट नाही. अशा महोत्सवांची कायमची चिंता हीच असते की म्हातारे बँड थांबले की पोस्टरवर सगळ्यात वर कोणाचं नाव लिहायचं.

वाट पाहण्याचे दिवस बदलले, ते कसे?

रॉकच्या चाहत्यांना वाट पाहण्याची सवय जुनीच आहे. गन्स अँड रोझेसचा 'चायनीज डेमोक्रसी' नोव्हेंबर २००८ मध्ये आला, त्यांच्या आधीच्या अल्बमनंतर तब्बल १५ वर्षांनी. तो इतका रखडला होता की डॉक्टर पेपर या शीतपेय कंपनीनं जाहीर करून टाकलं, २००८ मध्ये हा अल्बम आला तर अमेरिकेत मागेल त्याला एक कॅन फुकट. कंपनीला वाटलं असेल, कशाला येतोय! आला. टूल या बँडनं २००६ नंतर थेट ऑगस्ट २०१९ मध्ये अल्बम काढला, 'फिअर इनॉक्युलम'. तेरा वर्षं. दरम्यान शाळेतली मुलं नोकरीला लागली. आणि हा अल्बम बिलबोर्डवर टेलर स्विफ्टच्या 'लव्हर'ला खाली खेचून पहिला आला.

पण त्या वाट पाहण्यात चाहत्यांना काही काम नव्हतं. बातमी आली की वाचायची, नाही आली की शिव्या घालायच्या. चाहत्यांना कामाला लावायची कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली ती नाइन इंच नेल्सनं, २००७ मध्ये. 'इयर झिरो' अल्बमच्या आधी दौऱ्यातल्या टी-शर्टवरची काही अक्षरं ठळक छापली होती. ती जोडली की एका वेबसाइटचा पत्ता तयार व्हायचा. लिस्बनच्या कार्यक्रमात स्वच्छतागृहात एक पेन ड्राइव्ह सापडला, त्यात नवं गाणं होतं. चाहत्यांनी ते मिनिटांत जगभर पोचवलं. जाहिरात झाली आणि लोकांना वाटलं आपण गुप्तहेर आहोत.

स्लीप टोकननं हा धडा वेगळ्या पद्धतीनं गिरवला. २०१९ मध्ये 'सनडाउनिंग'ची गाणी त्यांनी दर पंधरा दिवसांनी एक अशी सोडली, तीही सूर्यास्ताच्या वेळी. अल्बमचं नावच मावळतीवरून आलेलं. श्रोत्यांना संध्याकाळ झाली की गाण्याची वाट पाहायची सवय लागली. रोज संध्याकाळी दिवेलागणीला कुणी दारात येऊन बसावं, तशी.

२०२५ मध्ये त्याची पुढची पायरी. फेब्रुवारीत एक कोड्याची वेबसाइट आली. चाहत्यांची दोन घराणी झाली: 'हाउस व्हेरिडियन' आणि 'फेदर्ड होस्ट'. हॅरी पॉटर वाचलेल्या पिढीला घराणं म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. लोकांनी प्रोफाइल फोटो बदलले, एकमेकांना टोमणे मारले, कुठलं घराणं 'स्लीप'च्या बाजूचं आणि कुठलं विरुद्ध यावर लांबलचक प्रबंध लिहिले. १३ मार्चला पहिलं गाणं 'इमर्जन्स' आलं, शेवटी चक्क सॅक्सोफोन. ४ एप्रिलला 'कॅरमेल'. २५ एप्रिलला 'डॅमोक्लीज'.

अल्बमच्या नावावरही भरपूर खल झाला. आर्केडिया म्हणजे ग्रीक परंपरेतली निवांत, सुखाची जागा. मेंढपाळ, हिरवळ, चिंता नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार निकोला पूसाँ याचं एक प्रसिद्ध चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेंढपाळ एका थडग्यावरची लॅटिन अक्षरं वाचतायत. तिचा अर्थ साधारण असा: आर्केडियातसुद्धा मी आहेच. हा 'मी' म्हणजे मृत्यू. बँडनं नाव ठेवलं, 'आर्केडियातसुद्धा'. पुढचं वाक्य सोडून दिलंय. मागचा अल्बम ईडनला परत न्या म्हणत होता, आणि या वेळी नंदनवन मिळालंय, पण तिथेही काहीतरी दबा धरून बसलंय. चाहत्यांच्या बहुतेक अंदाजांपैकी हा मला सगळ्यात पटतो.

तीन गाणी आधीच का सोडतात?

यात गूढ काही नाही, हिशोब आहे. जुलै २०१५ पासून जगभरात अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार असा घोळ होता. शुक्रवार ते गुरुवार हा चार्टचा आठवडा. बिलबोर्डच्या २०२५ मधल्या नियमानुसार पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम किंवा फुकट, जाहिरातींसह ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला असं धरायचे. आधीच माहीत असलेली, प्लेलिस्टमध्ये बसलेली गाणी अल्बम आल्यावर त्या आठवड्यातही वाजतात आणि मोजली जातात. शिवाय आगाऊ मागणी नोंदवलेले विनाइल आणि सीडी त्याच आठवड्यात घरी पोचतात, तेही मोजले जातात. म्हणून दोन-तीन महिने उत्सुकता शिजवायची आणि सगळं एका आठवड्यात वाढायचं. २०२३ मध्ये तर 'ईडन'च्या बारा गाण्यांपैकी सहा आधीच बाहेर होती.

हे जमलं की काय होतं याचं उदाहरण त्याच सुमाराचं आहे. घोस्ट या स्वीडिश बँडचा 'स्केलेटा' २५ एप्रिल २०२५ ला आला आणि बिलबोर्ड २०० वर थेट पहिल्या क्रमांकावर गेला. २०२० मधल्या एसी/डीसीच्या 'पॉवर अप'नंतर एखादा हार्ड रॉक अल्बम तिथे पहिल्यांदाच पोचला. घोस्टसुद्धा मुखवट्यांचाच बँड. त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

खेळ हाताबाहेर कधी गेला?

आता मूळ विषय.

ज्या बँडनं तुम्हाला शोधायला शिकवलंय, त्या बँडबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न उघड आहे. मुखवट्यामागे कोण? सुरुवातीची काही वर्षं या प्रश्नाकडे बघण्याचा चाहत्यांचा एक अलिखित नियम होता. ज्यांना माहीत होतं ते बोलायचे नाहीत. कुणी नवख्यानं विचारलं तर जुने चाहते त्याला गप्प करायचे, कधी गोडीत, कधी खडसावून. दहा हजार लोकांत हे चालतं. दहा लाखांत चालत नाही.

२०२३ संपता संपता आणि २०२४ सुरू होताना हा नियम मोडला. सदस्यांची खरी नावं म्हणून काही नावं उघडपणे फिरू लागली. गायकाचा म्हणून एक जन्मदाखलाही पोस्ट झाला. जन्मदाखला! त्यात आईवडिलांची नावं असतात, गाव असतं. याला इंटरनेटच्या भाषेत डॉक्सिंग म्हणतात. 'डॉक्युमेंट'वरून आलेला शब्द, नव्वदच्या दशकातल्या हॅकर मंडळींनी रुजवलेला. एखाद्याची खासगी माहिती त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर आणायची, एवढा त्याचा अर्थ. त्या दिवसांत बँडच्या इन्स्टाग्रामवरच्या जुन्या पोस्ट गायब झाल्या आणि चाहत्यांमध्ये घबराट पसरली की आता बँडच बंद होतो की काय. तो बंद झाला नाही. काही आठवड्यांत आरसीएच्या कराराची बातमी आली. बँडनं या प्रकाराबद्दल पत्रक वगैरे काढलं नाही.

उत्तर आलं ते गाण्यातून, सव्वा वर्षानं.

'कॅरमेल'ची सुरुवात गोड आहे, नावासारखीच. खेळण्यातल्या वाद्यासारखी नाजूक धून, त्याखाली रेगेटॉनचा ठेका. शब्द मी इथे देत नाही, आशय सांगते. स्वतःच्याच घराचं दार उघडायची भीती वाटते. लोक मुद्दाम खऱ्या नावानं ओरडतात, मी दचकावं म्हणून. एवढं सगळं मिळालंय तर तक्रार केली की कृतघ्न ठरेन, म्हणून नाचत राहतो. हे स्टेजच तुरुंग झालंय. आणि मग गाणं फुटतं. शेवटच्या भागात गोडवा संपतो आणि जे किंचाळणं येतं ते ऐकताना पहिल्यांदा मला हेडफोन काढावेसे वाटले. आवाज मोठा होता म्हणून नव्हे.

तिसरं गाणं 'डॅमोक्लीज' त्याच धाग्यातलं. सिराक्यूजच्या राजाचा हा दरबारी. राजाचं वैभव बघून हेवा करायचा. राजानं त्याला एक दिवस सिंहासनावर बसवलं आणि वर, घोड्याच्या एका केसाला तलवार टांगली. बस, घे मजा. पियानोवर सुरू होणारं हे गाणं यशाच्या त्या खुर्चीबद्दल आहे.

'कॅरमेल' आलं त्या दिवशीच्या कमेंट वाचण्यासारख्या होत्या. एक गट माफी मागत होता. दुसरा गट पहिल्या गटाला सांगत होता की तुम्ही कशाला माफी मागताय, ज्यांनी केलं ते वेगळे. तिसरा गट गाण्यातल्या शब्दांवरून गायकाच्या खऱ्या आयुष्याबद्दल नवे अंदाज बांधत होता. म्हणजे 'माझ्या आयुष्यात डोकावू नका' या गाण्याचाच धागा पकडून डोकावणं चालू होतं.

पण मुखवटा घालायचा आणि वर शोधू नका म्हणायचं, हे कसं चालेल?

हा प्रश्न रास्त आहे आणि टीकाकार तो विचारतात. तुम्ही गूढ विकता. कोडी घालता. 'आम्ही कोण' ही उत्सुकताच तुमची जाहिरात आहे. मग कुणी उत्तर शोधलं तर रडता का? शिवाय अमेरिकेचा मोठा दौरा, सोनीची कंपनी, महागड्या विनाइलच्या आवृत्त्या. प्रसिद्धी नको असलेला माणूस असा वागतो का?

यात तथ्य आहे. बँडनं उत्सुकतेचा बंब पेटवला आणि पाणी आपल्याला हवं तेवढंच तापेल असं गृहीत धरलं, असं मलाही वाटतं. आरसीएसारख्या कंपनीच्या यंत्रणेला तर हे आधीच दिसायला हवं होतं. कोड्यांची मोहीम जन्मदाखला बाहेर आल्यानंतरची आहे, आधीची नाही. लोकांची शोधायची खाज किती लांब जाते ते कळल्यावरही त्याच खाजेवर अल्बम उभा केला गेला.

पण दोन कोड्यांत फरक आहे. एका कोड्याचं उत्तर कोडं घालणाऱ्यानं स्वतः लपवून ठेवलेलं असतं. ते सापडलं की दोघांनाही आनंद. दुसऱ्याचं उत्तर सरकारी दफ्तरात, कुणाच्या तरी जुन्या फेसबुक फोटोत, आईवडिलांच्या घराच्या पत्त्यात असतं. ते सापडल्यावर आनंद फक्त शोधणाऱ्याला. इटलीतल्या लेखिका एलेना फेरांते यांच्याबाबतीत २०१६ मध्ये हेच झालं. एका शोधपत्रकारानं मानधनाचे आणि मालमत्तेचे व्यवहार तपासून त्या कोण असाव्यात हे छापलं. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी त्याचे आभार मानायच्या ऐवजी त्याला फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: आम्ही विचारलंच नव्हतं.

नाव कळलं की बँड संपतो का? तसंही नाही. किसनं १९८३ मध्ये एमटीव्हीवर रंग उतरवला, त्यानंतरही ते वाजवत राहिले आणि पुढे रंग परतही आला. घोस्टचा गायक टोबियस फोर्गे याचं नाव २०१७ मध्ये जुन्या सदस्यांनी कोर्टात दावा ठोकल्यावर रीतसर बाहेर आलं. त्यानंतर तो स्वतःच्या नावानं मुलाखती देऊ लागला, आणि २०२५ मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेत पहिला आला. म्हणजे धंद्याचं नुकसान हा मुद्दाच नाही. फोर्गेनं कोर्टानंतर नावासकट बाहेर यायचं ठरवलं. व्हेसलनं अजून ठरवलेलं नाही. ठरवायचा हक्क कोणाचा, एवढाच वाद आहे.

आता आमच्यावर येते. अशा विषयावर लेख लिहायचा म्हणजे 'स्लीप टोकन मेंबर्स रिअल नेम' ही ओळ मथळ्यात घालायची, असा एक साधा हिशोब असतो. लोक तेच शोधतात. गायकाचं नाव टाकायला लागलं की सर्चबार स्वतःच ते पुढचं सुचवतो. हा लेख लिहिताना मीही ते एकदा बघितलं, खोटं कशाला बोलू. दोन क्लिक लागतात. ती नावं या लेखात नाहीत. ती खरी आहेत की नाहीत याचा आमच्याकडे पुरावा नाही हे एक कारण. आणि खरी असली तरी ती वाचून तुम्हाला संगीताबद्दल एक अक्षरही जास्त कळणार नाही हे दुसरं.

जुन्या चाहत्यांचं दुखणं वेगळंच

डॉक्सिंगवर सगळे निदान बोलण्यापुरते एकमतात आहेत. लोकप्रियतेवर नाहीत. ज्यांनी चारशे लोकांच्या हॉलमध्ये हा बँड पाहिला त्यांना आता अरिनात लांबून पडद्यावर बघायचंय, तेही तिकीट मिळालं तर. विधी म्हणवणाऱ्या कार्यक्रमात निम्मी गर्दी फोन वर धरून त्या एका फंक तुकड्याची वाट बघत असते, ही त्यांची तक्रार. नव्या चाहत्यांचं म्हणणं असं की आम्ही उशिरा जन्मलो किंवा उशिरा रील बघितली, हा गुन्हा आहे का. कट्टर मेटलवाले दोघांनाही हसतात.

नव्या तीन गाण्यांत पियानो, सॅक्सोफोन आणि रेगेटॉन जास्त आहे म्हणून मोठ्या कंपनीनं बँडला मऊ केलं, असाही आरोप आहे. मला तो फारसा पटत नाही. २०१९ च्या अल्बममध्येही पियानो होता, तेव्हा त्याला धाडस म्हणत होते.

भारतातल्या चाहत्यांना या भांडणात पडायची चैनही नाही. बँडनं जाहीर केलेल्या २०२५ च्या कार्यक्रमांत युरोपचे महोत्सव होते आणि शरद ऋतूतला अमेरिकेचा दौरा होता. भारत नव्हता. इथे हा बँड म्हणजे हेडफोन, परदेशातून मागवलं तर टी-शर्टच्या किमतीइतकंच टपाल, आणि रात्री जागून परदेशी चाहत्यांच्या थिअऱ्या वाचणं. पण एका गोष्टीत आपण पुढे आहोत. अल्बम साधारणपणे त्या त्या देशाच्या मध्यरात्री खुला होतो. त्यामुळे गुरुवारी रात्री बाराला मुंबई-पुण्यातले चाहते लंडनच्या साडेचार तास आधी तो ऐकायला घेऊ शकत होते, आणि गाण्यांत काय आहे ते सांगू नका म्हणून तिकडचे लोक विनवण्या करत असतील. तोवर सात गाणी कुणी ऐकलेली नव्हती. शेवटच्या गाण्यात मुखवटा उतरतो का, यावर दोन्ही घराण्यांच्या पैजा लागल्या होत्या.